माशाचं खातं

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आमच्याकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं. जगात कुठंही काही जमा झालं, की दुसरीकडे तेवढंच कुणाच्या तरी नावे पडलं पाहिजे. बाकीचं वाणिज्य मी केव्हाच विसरलो. पण हे वाक्य तेवीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून असं अंगात मुरलंय, की लग्नाच्या पंगतीत पानात जिलबी पडली तरी ती कुणाच्या नावे पडली असेल, याचा मी अंदाज घेतो. बहुधा मुलीच्या बापाच्या.

आता बांगड्याचं घ्या. दर बुधवारी रात्री आमच्या घरात चार बांगडे जमा होतात. पैसे माझ्या नावे, कोळणीला जमा. इथवर हिशेब चोख. पण बांगड्याचा जीव? तो कुठंतरी गेला ना? तो कुणाच्या नावे टाकायचा? कोळणीच्या म्हणावं, तर तिनं तो मेलेलाच घेतला. जाळं टाकणाऱ्याच्या म्हणावं, तर तो म्हणेल, साहेब, तुम्ही खाता म्हणून मी दर्यात जातो. तेव्हा ही रक्कम गेली अनेक वर्षं सस्पेन्स अकाउंटला पडून होती. बँकेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती तात्पुरती जिथं ठेवतात आणि मग निवृत्तीपर्यंत जिकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात.

हे खातं एका रविवारी आमच्या कन्येनं उघडलं. पण त्याआधी मंडळींची ओळख करून द्यायला हवी.

मी मूळचा देशावरचा. आमच्या घरी वडिलांच्या काळात कांदा आणायचा तरी चातुर्मास संपल्याची खात्री करून घेत. लग्न झालं ते मालवणकडच्या मुलीशी. सहा महिन्यांत मी सुकटीच्या पहिल्या इयत्तेत पास झालो आणि तिसऱ्या वर्षी तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यावर मत देण्याइतपत मजल गेली. सासरेबुवा, म्हणजे अण्णा, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच बोरिवलीला असतात. वय चौऱ्याहत्तर. दोनच कामं ते स्वतःच्या अखत्यारीतली मानतात: मासे आणणं, आणि नातीला काटे काढून देणं. ती दोन वर्षांची होती तेव्हापासून हे चाललंय. आता ती अकरा वर्षांची झाली, शाळेत भूमितीच्या पेटीतल्या कर्कटकाशी खेळते, पण माशाच्या काट्याला मात्र तिनं अजून बोट लावलेलं नाही. अण्णा सरकवतील तो तुकडा ती खाते. चिरंजीव आठ वर्षांचे. ते फक्त बटाटा खातात.

आणि आमचे हेडकॅशियर. यांना गळ टाकायचा नाद आहे. पवईच्या तलावावर हौशी मत्स्यगळवाल्यांची जुनी संस्था आहे, तिचे हे सभासद. सोमवारी सकाळी कॅशमध्ये नोटा मोजता मोजता ते रविवारच्या माशाची लांबी हातांनी दाखवतात. ही लांबी मार्चअखेरीला वाढते, असं आमचं निरीक्षण आहे. पण एक गोष्ट ते आवर्जून सांगतात: "आम्ही मारत नाही हो. धरतो, वजन करतो, फोटो काढतो नि सोडून देतो. मी तर शुद्ध शाकाहारी."

त्यांनीच हा बेत काढला. पहाटे पवईला गळ टाकायचा, मग गाडीनं बोरिवलीच्या नॅशनल पार्कात यायचं आणि जंगलातून चालत कान्हेरीची लेणी गाठायची. "मुलांना निसर्ग कळला पाहिजे," ते म्हणाले. सौ.नं निसर्गासाठी सत्तावीस थालीपिठं, दह्याचा डबा आणि दोन छत्र्या घेतल्या. महिना जानेवारीचा होता.

पवईचा तलाव बांधला १८९१ साली, मुंबईला पाणी पाजायला. ते पाणी पिण्यालायक निघालं नाही, म्हणून तलाव तसाच राहिला. (सरकारी कामात एखादी गोष्ट फसली की ती निसर्गरम्य होते.) आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं, पलीकडे इमारतींचे दिवे, आणि काठापासून बऱ्याच आत एका उंचवट्यावर ओंडक्यासारखं काहीतरी पडलेलं. कॅशियरसाहेब म्हणाले, ती मगर. पवईत मगरी आहेत हे मी पेपरात वाचलं होतं, पण पेपरात वाचलेली मगर आणि एकाच तलावाच्या काठावर आपल्याबरोबर बसलेली मगर यांत फरक असतो. सौ.नं चिरंजीवांचा शर्ट जो मुठीत धरला तो दोन तास सोडला नाही.

आमिषाचा गोळा साहेबांनी घरीच मळून आणला होता. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि सात-आठ मसाले. सौ.नं वास घेतला आणि हळूच म्हणाली, "यांच्या बायकोला कधी इतका मसाला परवडला असेल का?" मग गळ पडला, नि आम्ही पाण्यावरच्या बुचाकडे बघत बसलो. तास गेला, दीड तास गेला. बँकेत खातेदार टोकन घेऊन बसतात तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते कळलं. अण्णा तेवढे शांत. ते बुचाकडे बघतच नव्हते. साहेबांच्या मनगटाकडे बघत होते. मालवणच्या खाडीवर त्यांचं लहानपण गेलं, तिथं ना रीळ ना बूच. दोरा, गरी आणि बोट. दोऱ्याला काय झालं ते बोटाला कळतं.

आणि बूच बुडालं.

पुढची दहा मिनिटं साहेब हेडकॅशियर राहिले नव्हते, सेनापती झाले होते. शेवटी काठाशी आला तो दोनअडीच किलोचा रोहू. खरोखर देखणा. साहेबांनी हात ओले करून घेतले, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. फार हळुवारपणे गळ सोडवला, वजन केलं, आमच्याकडून फोटो काढून घेतला आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसं त्याला पाण्यात ठेवलं. मासा क्षणभर तसाच राहिला. मग गेला.

चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. कन्येनं नाही. ती साहेबांच्या हातातल्या गळाकडे बघत होती.

"काका, त्याच्या ओठातून रक्त आलं."

"थोडंसंच, बाळ. माशाला दुखत नाही. त्याचं रक्त थंड असतं."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही मासा आहात?"

कॅश डिपार्टमेंटमध्ये असा प्रश्न कुणी विचारत नाही. साहेब हसले. तेवढ्यात अण्णा, इतका वेळ एक शब्द न बोललेले, म्हणाले, "खावचो नाय, तर धरलात कित्याक?"

त्या दिवसाचा सगळा वाद या एका वाक्यात होता. पुढं जे काही बोललं गेलं ते त्यावरचं व्याज.

साहेबांची बाजू सांगतो, कारण ती लेचीपेची नाही. ते म्हणाले, तुम्ही खाता म्हणजे ठार मारता. माझा मासा दहा मिनिटं त्रासला, पण घरी गेला. शिवाय या तलावाची कणव कुणाला आहे? जलपर्णी माजली, गटाराचं पाणी शिरलं, तेव्हा ओरडलो ते आम्ही गळवाले. "गळानं मेलेले मासे मी बोटांवर मोजून दाखवतो. गटारानं मेलेले तुम्ही मोजा." यात तथ्य आहे. जो पाण्याकडे बघत बसतो त्यालाच पाणी बिघडलेलं कळतं. लोणावळ्याला वळवणच्या धरणापाशी टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून महाशीर माशांची पैदास चालवली आहे, पिल्लं वाढवून नद्या-तलावांत सोडतात. महाशीर म्हणजे आपला खडस, गळवाल्यांचा सर्वांत लाडका मासा. ज्या माशावर कुणाचंच प्रेम नाही त्याच्यासाठी कोण एवढा खटाटोप करील?

पण प्रेम करायचं नि त्याच्याच ओठात आकडा अडकवायचा, हे मला पचेना. साहेबांचा मासा घरी गेला खरा, पण दहा मिनिटांचं ते दुखणं कशासाठी? पोटासाठी नाही. फोटोसाठी. माझ्या हिशेबी ही नावे बाजू आहे आणि जमेच्या बाजूला नुसती करमणूक. मगरीचा प्रश्नच वेगळा. ती त्याच तलावात बिनपरवाना मासे धरते, पण सोडून दिलेल्या माशाबरोबर तिनं फोटो काढल्याचं ऐकिवात नाही.

घरी आल्यावर कन्येनं मला मोबाईलवर शोधायला बसवलं. थंड रक्ताची गोष्ट इतकी सोपी नाही. स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन नावाच्या बाईंनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. ट्राउट माशांच्या ओठांत काहींना मधमाशीचं विष टोचलं, काहींना व्हिनेगरमधलं ॲसिड. ते मासे तळाशी डुलत राहिले, काहींनी खडीवर ओठ घासले, आणि तीनेक तास खायला तयार झाले नाहीत. याला 'दुखणं' म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आमच्या घरात झालं. ओठ खडीवर कोण घासेल, दुखल्याशिवाय?

आणखी एक सापडलं, ते मी मुद्दाम अण्णांना वाचून दाखवलं. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार सोडून द्यायच्या इराद्यानं मासा धरायला बंदी आहे. म्हणजे ज्या देशाच्या बँकांचं नाव घेताना आम्ही बँकवाले आवाज खाली आणतो, त्या देशानं पुष्कळ विचार करून जो कायदा केला, तो अण्णांनी पवईच्या काठावर उभ्या उभ्या पाच शब्दांत केला होता. अण्णा म्हणाले, "तेंका दर्या नाय, तरी कळता."

असो. मी दिवसाच्या पुढं गेलो.

दहाच्या सुमाराला आम्ही पार्कात पोचलो. अण्णा आणि सौ. थालीपिठांसह बसनं वर गेली. मी, साहेब आणि मुलं चालत. दाराशी पाटी: प्राण्यांना त्रास देऊ नये. आता गंमत बघा. या पार्काच्या पोटात तुळशी आणि विहार असे दोन तलाव आहेत, आणि विहारपासून पवई हाकेच्या अंतरावर. पार्कात १९७२ चा वन्यजीव कायदा लागू. तिथं गळ टाकाल तर गुन्हा. अलीकडे पवईला टाकाल तर छंद. दोन्ही तलाव भरून वाहिले की पाणी शेवटी एकाच मिठी नदीत जातं. म्हणजे विहारमधला एखादा रोहू पावसाळ्यात सांडव्यावरून खाली आला, तर त्याचं वन्य प्राण्यातून करमणुकीत रूपांतर होतं, आणि हे त्या बिचाऱ्याला कुणी कळवत नाही. आमच्याकडे खातेदाराचा दर्जा बदलला तर निदान एसेमेस जातो.

साहेबांना मी हे ऐकवलं. ते चढावर धापा टाकत होते, त्यामुळे मला पुष्कळ बोलता आलं. पण मध्येच थांबून ते म्हणाले, "माझं जाऊ द्या. तुमच्या बांगड्याचं काय?"

चढ एकदम उभा वाटायला लागला.

माझ्या वडिलांच्या कपाटात मनुस्मृती होती. तिच्यातलं पुष्कळसं कपाटातच राहिलेलं बरं, पण पाचव्या अध्यायात मांसाबद्दल एक यादी आहे. परवानगी देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा: आठही जण मारेकरीच. आठ जणांचं जॉइंट अकाउंट! आणि तेही कसं, तर आयदर ऑर सर्व्हायव्हर. आठांपैकी सगळे सर्व्हायव्हर. तेवढा तो एक नववा सोडून. या यादीप्रमाणं मी घेणारा आणि खाणारा असा दोनदा सापडतो, सौ. शिजवणारी आणि वाढणारी म्हणून दोनदा. चिरंजीव बटाट्यामुळं सुटतात.

कान्हेरीला आलो की निदान यादी सौम्य होते. शंभरावर लेणी, त्यांत शतकानुशतकं भिक्षू राहिले, भिक्षेवर. आणि भिक्षेत मांस पडलं तर? त्याला बुद्धानं घालून दिलेला नियम आहे: हा जीव माझ्यासाठी मारलेला मी पाहिला नाही, तसं ऐकलं नाही, तशी शंकाही मला नाही, या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तर खावं. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याच्या ओसरीत दोन टोकांना बुद्धाच्या दोन भव्य उभ्या मूर्ती आहेत. तिथं उभं राहून मला हायसं वाटलं. पाहिलं नाही, ऐकलं नाही, शंका नाही: हे तर बोरिवलीच्या मच्छीबाजाराचंच वर्णन! बांगडा मरताना मी कधी बघितलेला नाही. बर्फात आडवा पडलेला, डोळा चकचकीत, एवढीच आमची ओळख.

पण हायसं वाटणं दोन मिनिटंच टिकलं. भिक्षू पात्र पुढं करतो, त्यात जे पडेल ते घेतो. त्याला निवड नाही. मी पिशवी पुढं करतो, 'ताजा बघून दे' म्हणतो, वर भाव करतो. माझ्यासाठी मारलेला नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? नाव घेऊन मारलेला नाही एवढंच. घाऊक ऑर्डर आहे आमच्या सगळ्यांची मिळून, आणि तिच्यावर माझी सही आहे.

आत कुठल्याशा लेण्याबाहेर साहेबांनी एक शिलालेख दाखवला. आम्हाला दोघांनाही वाचता येत नव्हता, तरी बँकेतल्या माणसानं कान्हेरीच्या लेखांना नमस्कार करावा. अनेक लेखांत 'अक्षयनीवी' येते, म्हणजे मुद्दल कायम ठेवून फक्त व्याज वापरायचं अशी ठेव. नवव्या शतकात शिलाहारांच्या काळी गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या भक्तानं इथं शंभर द्रम्म ठेवले होते. आमच्या फिक्स्ड डिपॉझिटचे पणजोबाच ते. मला वाटलं, कोळी लोक पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, जून-जुलैत यांत्रिक होड्यांना सरकारी बंदी असते, तीही अक्षयनीवीच. मुद्दलाला हात लावायचा नाही. हा मुद्दा साहेबांना पटला. मुद्दल कायम राहिलं तरी व्याजातला प्रत्येक मासा स्वतःच्या दृष्टीनं मुद्दलच असतो, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते नुकतेच शांत झाले होते.

पायऱ्यांवर अण्णा आणि सौ. बसली होती. तिखट-मीठ लावलेली काकडी, पेरू. एक माकड थालीपिठाच्या डब्याचं ऑडिट करत होतं. कन्या अण्णांच्या शेजारी बसली, काकडीचा एक चावा घेतला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आजोबा, मी आता मासे नाही खाणार."

सौ. म्हणाली, "बघू, बघू." मी म्हणालो, "वाढीचं वय आहे." साहेब शुद्ध शाकाहारी, पण तेही काही बोलले नाहीत. अण्णांनी हातातल्या पेरूच्या बिया एकेक करून काढल्या आणि तो पेरू तिला दिला. पेरूच्या बिया कुणी काढत नाही.

बुधवारी अण्णा नेहमीप्रमाणं बांगडे घेऊन आले. चारच. रात्री ताटं मांडली. कन्येच्या ताटात वरण-भात आणि बटाट्याची भाजी, त्यामुळं चिरंजीवांना आपल्या पक्षाला बहुमत मिळाल्यासारखं वाटत होतं. अण्णांनी सवयीनं बांगड्याचा काटा काढला. सबंध, डोक्यापासून शेपटीपर्यंत एका ओढीत निघतो त्यांच्या हातून. मग तो तुकडा बोटात धरून ते थांबले. इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या ताटात ठेवला. लग्नाला सतरा वर्षं झाली, सासऱ्यांनी मला काटा काढून दिल्याचा हा पहिला प्रसंग. मी मुकाट्यानं खाल्ला. लाडका जावई वगैरे काही वाटलं नाही. दुसऱ्याच्या नावचा चेक आपल्या खात्यात पडला की जसं वाटतं तसं वाटलं.

शनिवारी ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मी पेपरमागे होतो. "आजोबा, तुम्ही पहिला मासा धरलात तेव्हा तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी आठ वर्षांचो होतंय. मासो तडफडाक लागलो तसो मी रडाक लागलंय. आयेन तो शिजवल्यान, नि पयली तुकडी माका वाढल्यान. म्हणाली, आता खा. टाकलंस तर तो फुकट मेलो."

"म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी खाल्लात?"

अण्णांनी विचार केला. खोटं बोलायची चांगली संधी होती.

"भूकय होती," ते म्हणाले.

गेले तीन महिने असं चाललंय. ती मासे खात नाही, आणि अण्णा तिला आग्रह करत नाहीत. साहेब पवईला जातात, पण सोमवारी हात पसरून लांबी दाखवताना माझ्याकडे बघत नाहीत. मी बुधवार, शुक्रवार, रविवार खातो. पूर्वी मी कोळणीकडे बांगड्याचा डोळा बघायचो तो ताजेपणासाठी. अजूनही बघतो, पण जरा लवकर नजर काढून घेतो.

गेल्या बुधवारी तिखल्याचा वास सुटला होता, तिरफळांचा. कन्या अभ्यास सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आजोबा, नुसता रस्सा चालेल का मला? तुकडी नको."

"रश्श्यात काय मासा नसतो होय ग?" सौ. म्हणायला लागली. अण्णांनी तिला नजरेनंच गप्प केलं. उठले, नातीची वाटी घेतली, पातेल्यातली तुकडी डावानं हळूच बाजूला सारली आणि मोकळ्या झालेल्या जागेतून रस्सा भरू लागले.